हंगामाची अखेर : धावणे, विसावा आणि हृदयाचा हिशेब

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांसोबत आरोग्यविषयक एक माहितीपर लेख देण्याची प्रथा आहे. एरवी तो आपले वैद्यकीय अधिकारी लिहितात. या वर्षी तो मी लिहावा, असे विश्वस्त मंडळाने सुचविले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु गेली अकरा वर्षे मी हौशी धावक आहे, आणि यंदाचा धावण्याचा हंगाम माझ्या बाबतीत ज्या रीतीने संपला, त्यातून घेण्यासारखा बोध देणगीदार, हितचिंतक व रुग्णांचे आप्त यांच्यापुढे ठेवावा, असे मंडळास वाटले. लेखातील वैद्यकीय भाग आपल्या डॉक्टरांकडून तपासून घेतला आहे.

धावकाचे वर्ष

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे पहाटे साडेचारलाच जागी होतात, ती मुख्यतः लोकल गाठण्यासाठी. मात्र त्याच वेळी बूट बांधून घराबाहेर पडणाऱ्यांची संख्याही आता कमी राहिलेली नाही. उल्हासनगरच्या गोल मैदानात फेऱ्या मारणारे व्यापारी, अंबरनाथच्या शिवमंदिराच्या बाजूने धावणारे आयुध निर्माणीतील कर्मचारी, बदलापूरहून बारवी धरणाच्या किंवा कोंडेश्वरच्या रस्त्याला लागणारे शिक्षक व बँक कर्मचारी असे सर्व थरांतील लोक त्यांत आहेत. आमच्या गटात वीस-बावीस जण आहेत. आम्हांपैकी कोणालाही धावण्यातून एक रुपयाही मिळत नाही. उलट प्रवेशशुल्क, बूट व प्रवास यांवर पदरचाच खर्च होतो.

आपल्याकडील धावकाचे वर्ष पावसाबरोबर सुरू होते. जूनमध्ये हवा निवली की सराव वाढतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात अनेक जण साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनला जातात; ती स्पर्धा २०१२ पासून भरते. हिवाळ्यात अंतरे वाढत जातात आणि जानेवारीत मुंबई मॅरेथॉन येते. २००४ साली सुरू झालेली ही स्पर्धा म्हणजे आमच्यासारख्यांची वार्षिक परीक्षाच. फेब्रुवारीत एखाद-दुसरी लहान स्पर्धा होते आणि मार्चमध्ये पारा चढू लागला की हंगाम आटोपतो. रुग्णालयाचे आर्थिक वर्ष व धावकाचे वर्ष एकाच महिन्यात संपावे, हा योगायोग मला नेहमीच सोयीचा वाटत आला आहे. दोन्हींकडे ताळेबंद मांडावयाचा असतो.

अखेरचा सराव कशासाठी?

हंगाम संपल्यावर करावयाचा सराव हा हौशी धावकांनी सर्वाधिक दुर्लक्षिलेला भाग आहे. सहा-आठ महिने दर आठवड्यास पन्नास-पंचावन्न किलोमीटर धावल्यानंतर स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा झालेल्या असतात, स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे ताणलेले असतात आणि पायाच्या हाडांवरही भार साचलेला असतो. शरीर बळकट होते ते धावताना नव्हे, तर धावून झाल्यावर मिळणाऱ्या विसाव्यात. श्रम ही केवळ मागणी असते. पुरवठा झोपेत व विश्रांतीत होतो. विसावा न देता मागणी वाढवीत राहिल्यास शरीर कर्जबाजारी होते.

म्हणून जाणते प्रशिक्षक सांगतात, की शेवटच्या स्पर्धेनंतर दोन आठवडे धावणे बंद ठेवावे; चालावे, पोहावे, सायकल चालवावी. त्यानंतर चार-सहा आठवडे अंतर निम्म्याहून कमी ठेवून, सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे. आठवड्यातून दोन दिवस मांड्या, पोटऱ्या व कंबर यांच्या बळकटीचे व्यायाम करावेत. दुखणी बरी करून घ्यावीत आणि आवश्यक त्या तपासण्या याच काळात उरकाव्यात.

यावर बहुतेकांचा आक्षेप एकच असतो : "कमावलेले सारे निघून जाईल." या भीतीत अल्प तथ्य आहे. व्यायाम पूर्णपणे थांबविल्यास प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्क्यांनी घटल्याचे प्रशिक्षित खेळाडूंवरील अभ्यासात आढळले आहे. त्याचे प्रमुख कारण असे, की शरीरातील रक्ताचे आकारमान थोडे कमी होते आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर पडणारे रक्त घटते. परंतु हलका व्यायाम चालू ठेवल्यास ही घट बरीच कमी राहते, आणि सराव पुन्हा सुरू होताच ती भरूनही निघते. चार दशके हिशेब सांभाळलेल्या माणसास हा व्यवहार फायद्याचा वाटला पाहिजे होता. मला तो वाटला नाही.

तीन आठवड्यांचे मौन

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बारवीच्या रस्त्यावरील चढावर छातीच्या मध्यभागी आवळल्यासारखे वाटले. थांबलो, दोन मिनिटांत बरे वाटले. आदल्या रात्री लग्नाचे जेवण झाले होते. पित्त असावे, असे मी मनाशी ठरविले. चार दिवसांनी रेल्वेच्या पादचारी पुलाच्या पायऱ्या घाईने चढताना तीच जाणीव झाली. पुढे प्रत्येक चढावर ती होऊ लागली. जानेवारीच्या अर्धमॅरेथॉनसाठी नाव नोंदविलेले होते. डॉक्टर धावू देणार नाहीत, या भीतीने मी कोणासही काही सांगितले नाही. माझ्या कार्यालयापासून ईसीजीची खोली पंधरा पावलांवर आहे, हे येथे नमूद करणे मला भाग आहे. माझ्या वडिलांना ५४ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता, हेही मला ठाऊक होते.

एका रात्री अतिदक्षता विभागात एक रुग्ण दाखल झाला. त्याच्या पत्नीकडून कागदपत्रांवर सही घेण्यासाठी मी गेलो असता ती माउली म्हणाली, "साहेब, पंधरा दिवस छातीत दुखतंय म्हणत होते. मी दवाखान्यात चला म्हटलं की पित्त आहे म्हणायचे." मी सही घेतली, कागद फाइलला लावले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याच बाह्यरुग्ण विभागात रुग्ण म्हणून जाऊन बसलो.

स्वस्थ बसलेल्या अवस्थेतील ईसीजी निर्दोष आला. स्ट्रेस टेस्टमध्ये मात्र दोष स्पष्ट दिसला. पुढे अँजिओग्राफी झाली. एका धमनीत मोठा अडथळा होता, तेथे स्टेंट बसविण्यात आला. जानेवारीच्या त्या पहाटे मी धावलो नाही. विशेष लोकलने मुंबईस निघालेल्या सहकाऱ्यांना निरोप देण्यास स्थानकावर मात्र गेलो होतो.

धावकालाही हृदयविकार कसा?

हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. त्याचे उत्तर समजून घेण्याजोगे आहे. हृदयाचा स्नायू विश्रांतीच्या स्थितीतही आपल्याला मिळणाऱ्या रक्तातील बहुतांश प्राणवायू शोषून घेतो. त्यामुळे श्रम वाढल्यावर त्याला अधिक प्राणवायू मिळविण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे अधिक रक्त. जोराच्या व्यायामात ही गरज तीन ते चार पट होते. धमनी अरुंद झालेली असल्यास बसल्या जागी पुरेसे असणारे रक्त चढावर अपुरे पडते, आणि छाती आवळते. थांबताच मागणी घटते व बरे वाटते. म्हणूनच विश्रांतीतील ईसीजी निर्दोष येऊ शकतो आणि श्रमातील चाचणी सदोष. श्रमाने येणारी व थांबल्यावर जाणारी वेदना पित्ताची मानू नये, ती या कारणासाठी.

धावणे हे हृदयाचे मित्रच आहे, याविषयी शंका नको. न्यूझीलंडचे थोर प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी ऑकलंड येथे मध्यमवयीन माणसांना, त्यांतील काही हृदयरुग्णांनाही, मंद गतीने धावावयास लावले. तेथे गेलेले अमेरिकन प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी ती कल्पना मायदेशी नेली व 'जॉगिंग' घरोघरी पोहोचले. १९७३ साली टोरंटो येथील डॉ. टेरेन्स कॅव्हनॉ यांच्या देखरेखीखालील, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले सात रुग्ण बॉस्टन मॅरेथॉनमध्ये उतरले.

याची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत धावण्याचा प्रसार करणारे गाजलेले पुस्तक १९७७ साली लिहिणारे जिम फिक्स २० जुलै १९८४ रोजी धावत असताना, वयाच्या ५२ व्या वर्षी, हृदयविकाराने गेले. त्यांचे वडील ४३ व्या वर्षी त्याच विकाराने गेले होते. धावू लागण्यापूर्वी फिक्स स्थूल होते व धूम्रपान करीत. धावण्याने त्यांचे आयुष्य बहुधा वाढलेच. परंतु वारसा व जुन्या सवयी यांचे देणे त्याने पुरते फिटले नाही.

यातून भयभीत होण्याचेही कारण नाही. अमेरिकेतील २००० ते २०१० या काळातील मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन स्पर्धांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १ कोटी ९ लाख धावकांपैकी ५९ जणांचे हृदय स्पर्धेत किंवा ती संपल्यावर तासाभरात बंद पडले. त्यांपैकी ४२ जण दगावले. प्रमाण अत्यल्प आहे. जे वाचले, त्यांच्या बाबतीत जवळच्या माणसांनी तत्काळ छाती दाबून दिलेला प्रथमोपचार महत्त्वाचा ठरला, ही नोंद आपण सर्वांनी लक्षात ठेवावी.

कोणी काय काळजी घ्यावी?

चाळिशी ओलांडलेल्या ज्या व्यक्तींना मधुमेह, रक्तदाब किंवा वाढलेले कोलेस्टेरॉल आहे, जे धूम्रपान करतात किंवा ज्यांच्या वडिलांना वा भावाला पंचावन्नच्या आत, आईला वा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला आहे, त्यांनी कठोर सराव आरंभण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कोणती चाचणी आवश्यक आहे, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. चाचणी निर्दोष आली म्हणजे जन्माचा परवाना मिळाला, असेही समजू नये. श्रमात छाती, जबडा वा डावा हात भरून येणे, नेहमीच्या वेगाला अकारण धाप लागणे, भोवळ येणे ही लक्षणे दिसताच थांबावे व त्याच दिवशी तपासून घ्यावे. वेदना थांबूनही शमत नसेल, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

पाण्याविषयीही एक सूचना. उन्हात पाणी कमी पडणे घातक, तसेच तहानेपेक्षा फार अधिक पिणेही घातक. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावकांपैकी १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम प्रमाणाबाहेर घटलेले आढळले. तहान हाच सामान्यतः योग्य मार्गदर्शक होय.

हौशीपणाचे मोल

सक्तीच्या विश्रांतीत मैदानी खेळांविषयी बराच विचार झाला. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावकडील फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले व २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत १९ वे आले. ती शर्यत नेहमीच्या ४२.१९५ किलोमीटरची नव्हे, तर ४२.७५ किलोमीटरची होती. त्यापूर्वी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून दोराबजी टाटा प्रभावित झाले होते, आणि त्यांच्याच पुढाकाराने तो चमू युरोपात गेला. शंभर वर्षांनंतर बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांची वेळ देऊन रौप्यपदक मिळविले. त्यांच्या मागे प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ व वैद्यकीय पथक उभे असते. हौशी धावकाला स्वतःच स्वतःचा प्रशिक्षक व्हावे लागते, आणि धावून आल्यावर गर्दीची लोकलही गाठावी लागते.

मात्र हौशी माणसाजवळ एक गोष्ट असते, जी व्यावसायिकाजवळ क्वचितच असते : त्याला थांबण्याची मुभा असते. त्याच्या थांबण्याने कोणाचे पदक हुकत नाही. ही मुभा मी अकरा वर्षांत कधी वापरली नाही, आणि जेव्हा वापरणे अत्यावश्यक झाले तेव्हा तीन आठवडे लपवून ठेवली. शिस्त व हट्ट यांतील भेद मला धावण्याने शिकविला नाही. एका अपरिचित भगिनीच्या वाक्याने शिकविला. तिचे पती उपचारानंतर सुखरूप घरी गेले, हे येथे आनंदाने नमूद करतो.

सध्या माझा हंगामाखेरचा सराव आपल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू आहे. आरंभी वीस मिनिटे सपाटीवर चालणे, आता पंचेचाळीस मिनिटे. त्यात मधूनमधून दोन-दोन मिनिटांची मंद धाव. वेग माझ्या गटातील सर्वांत मागचा आहे. पुढील जानेवारीत धावावे की नाही, याचा निर्णय पावसाळ्यानंतरच्या तपासणीवर अवलंबून राहील आणि तो डॉक्टर देतील. नकार मिळाल्यास तो मान्य करावयाचा, हे पत्नीस वचन दिले आहे.

देणगीदारांस एवढेच निवेदन, की आपल्या साहाय्यातून उभी असलेली तपासणी यंत्रणा केवळ गरजूंच्या उपयोगी पडते असे नाही. ती तिच्या शेजारी बसणाऱ्या हट्टी माणसाच्याही उपयोगी पडली आहे. धावकांस विनंती, की बुटांच्या नव्या जोडीचा खर्च करण्याआधी त्याहून कमी खर्चात होणारी तपासणी करून घ्यावी. आणि रुग्णांच्या आप्तांस प्रार्थना, की घरातील माणूस "पित्त आहे" असे दुसऱ्यांदा म्हणाला, तर तिसऱ्यांदा म्हणण्याची वाट पाहू नये.

— प्रशासकीय अधिकारी