एफ-झिरो जीएक्स

एफ-झिरो जीएक्स हा निंटेंडो गेमक्यूब या कन्सोलसाठी २००३ साली प्रकाशित झालेला, भविष्यकाळात घडणाऱ्या शर्यतींवर आधारित व्हिडिओ गेम आहे. सेगा कंपनीच्या अम्यूझमेंट व्हिजन या विभागाने तो विकसित केला व निंटेंडोने प्रकाशित केला. जपानमध्ये तो २५ जुलै २००३ रोजी आणि त्याच वर्षी उत्तर अमेरिका व युरोपमध्ये उपलब्ध झाला. वेग, दृश्यांकन व नियंत्रणातील अचूकता यांसाठी समीक्षकांनी त्याची प्रशंसा केली. मात्र अतिशय कठीण असल्याबद्दल त्याच्यावर टीकाही झाली. हे गुण आणि दोष बऱ्याच अंशी एकाच रचनेतून निर्माण झाले आहेत.

पार्श्वभूमी

एफ-झिरो मालिकेतील पहिला गेम १९९० मध्ये सुपर फॅमिकॉम या कन्सोलसाठी आला. त्यात खेळाडूला निवडण्यासाठी केवळ चार याने होती. १९९८ मधील एफ-झिरो एक्स या गेमने एकाच शर्यतीत ३० याने आणली. परंतु सेकंदाला ६० चित्रचौकटींचा वेग राखण्यासाठी पार्श्वभूमीतील बारकावे कमी ठेवावे लागले.

सेगाने २००१ मध्ये स्वतःच्या कन्सोलचे उत्पादन थांबवले आणि त्यानंतर ती पूर्वीच्या प्रतिस्पर्ध्यांसाठीही गेम तयार करू लागली. निंटेंडो, सेगा व नामको यांनी गेमक्यूबच्या रचनेवर आधारित ‘ट्रायफोर्स’ ही आर्केड यंत्रणा संयुक्तपणे विकसित केली. तोशिहिरो नागोशी यांच्या नेतृत्वाखाली कन्सोलसाठी एफ-झिरो जीएक्स आणि ट्रायफोर्सवर चालणारा एफ-झिरो एएक्स हे दोन गेम बरोबरीने घडवले गेले. मेमरी कार्डाद्वारे दोहोंत माहितीची देवाणघेवाण करता येत असे.

खेळाची पद्धत

खेळाडू जमिनीपासून किंचित वर तरंगणारे यान चालवतो. यानाचा वेग ताशी १,००० किलोमीटरच्या पुढे जातो. प्रत्येक यानाला बांधणी, वेगवर्धन व पकड या तीन निकषांवर श्रेणी दिलेली असते. शर्यतीपूर्वी अधिक त्वरण हवे की अधिक कमाल वेग, हे खेळाडूला ठरवता येते.

यानातील ऊर्जेचा साठा हा खेळाचा गाभा आहे. भिंतीला धडकल्यास किंवा प्रतिस्पर्ध्याने धक्का दिल्यास हा साठा घटतो आणि तो संपल्यावर यान नष्ट होते. पहिली फेरी पूर्ण झाल्यावर याच साठ्यातून वेगवर्धन घेता येते. म्हणजेच वेग वाढवण्यासाठी खेळाडूला स्वतःचे संरक्षण खर्च करावे लागते. मार्गावरील ठरावीक पट्ट्यांवरून गेल्यास ऊर्जा पुन्हा भरते.

बलस्थाने

३० याने एकाच वेळी मार्गावर असतानाही सेकंदाला ६० चित्रचौकटींचा वेग टिकून राहतो. एफ-झिरो एक्समध्ये वेगासाठी सोडलेले दृश्यबारकावे येथे परत मिळाले. नळीच्या आतून, दंडगोलाच्या बाहेरून व तीव्र उतारांवरून जाणाऱ्या मार्गांमुळे प्रत्येक शर्यतीचे स्वरूप बदलते.

नियंत्रण सूक्ष्म असून बहुतेक अपघातांचे कारण खेळाडूच्या निर्णयात सापडते. वेगवर्धन थोडे लवकर वापरले, वळण उशिरा घेतले किंवा ऊर्जेची पट्टी चुकली, हे त्याला लगेच उमगते. त्यामुळे सरावाचे फळ स्पष्ट दिसते. मिळवलेली तिकिटे खर्चून सुटे भाग घेण्याची व त्यांपासून स्वतःचे यान जुळवण्याची सोयही आहे.

उणिवा

सर्वाधिक टीका कथाविभागावर झाली. कॅप्टन फाल्कन या नायकाभोवती गुंफलेल्या या विभागात नऊ प्रकरणे आहेत. एका प्रकरणात यानावर बॉम्ब बसवलेला असल्यामुळे वेग ताशी ७०० किलोमीटरच्या खाली जाऊ द्यायचा नसतो; दुसऱ्या एका प्रकरणात ग्रांप्री शर्यत पहिल्या क्रमांकानेच जिंकावी लागते. सर्वांत सोप्या पातळीवरही ही प्रकरणे कठीण असल्याने नवख्या खेळाडूला वारंवार तेथेच अडकावे लागते. काही याने व मार्ग अवघड टप्पे पार केल्यावरच खुले होत असल्यामुळे अनेकांना खेळाचा मोठा भाग पाहायलाच मिळत नाही.

पडद्याचे भाग करून चार जणांना एकत्र खेळता येते. मात्र इंटरनेटद्वारे प्रत्यक्ष स्पर्धेची सोय नव्हती. यान सतत डावी-उजवीकडे नागमोडी घसरवत नेऊन अपेक्षेपेक्षा अधिक वेग मिळवण्याचे तंत्रही प्रचलित झाले. या तंत्रामुळे कमी वेळेचे विक्रम सामान्य खेळाडूंच्या आवाक्याबाहेर गेले.

वारसा

२००४ मध्ये जपानमध्ये आलेल्या एफ-झिरो क्लायमॅक्स या हातात धरून खेळण्याच्या कन्सोलवरील गेमनंतर ही मालिका दीर्घकाळ थांबली. २०२३ मध्ये ९९ खेळाडूंच्या ऑनलाइन शर्यतीचा एफ-झिरो ९९ प्रकाशित झाला. एफ-झिरो जीएक्स हा गेम ५ जून २०२५ रोजी निंटेंडो स्विच २ या कन्सोलबरोबर सदस्यत्व सेवेत पुन्हा उपलब्ध झाला. त्यामुळे दोन दशके प्रामुख्याने जुन्या खेळाडूंच्या आठवणीत राहिलेला हा गेम नव्या पिढीपर्यंत पोहोचला.