खंड ओलांडून निजामशाहीत : तीन प्रवासांचे विवेचन

इ. स. १४९० मध्ये मलिक अहमद निजामशहा याने बहमनी सत्तेपासून फुटून आपले स्वतंत्र राज्य उभारले आणि सीना नदीच्या काठी अहमदनगर वसवले. २०२४ मध्ये या नगरास व जिल्ह्यास अहिल्यानगर हे नाव प्राप्त झाले. फिरिश्त्याच्या कथनानुसार निजामशाही राजवंशाचे मूळ पाथरीच्या एका ब्राह्मण घराण्यात होते. राजवंश असा याच भूमीतला असला, तरी त्याच्या दरबारातील मंत्री, सरदार, वैद्य व कारागीर यांपैकी अनेकजण दूरदेशांहून आलेले होते. दुसऱ्या बुऱ्हाणाच्या पूर्वीचा पहिला बुऱ्हाण निजामशहा याच्या दरबारी इराणातून आलेला विद्वान शाह ताहिर होता. त्याच्या प्रभावाने बुऱ्हाणाने १५३७ मध्ये शिया पंथ स्वीकारला. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्टा याने त्याच बुऱ्हाणावर उपचार केले. आज विजापूरच्या तटावर असलेली ‘मलिक-इ-मैदान’ ही प्रचंड तोफ १५४९ मध्ये रूमी खानाने अहमदनगर येथे ओतली.

समुद्रापासून दूर, पठारावर वसलेल्या या राजधानीत हे लोक कोणत्या मार्गाने आले आणि का आले, हे प्रस्तुत लेखात तीन प्रवासांच्या आधारे पाहावयाचे आहे.

प्रथम मार्गाचा विचार करू. इराण, इराक व मध्य आशिया येथून दख्खनकडे निघालेला प्रवासी बहुधा इराणी आखातातील होर्मुझ बंदर गाठी. तेथून जहाजाने तो चौल किंवा दाभोळ येथे उतरे. चौल हे निजामशाहीचे प्रमुख बंदर होते. १५२१ मध्ये पोर्तुगीजांना तेथे कोट बांधण्याची अनुमती मिळाली, आणि पुढे १५७०-७१ मध्ये त्याच ठाण्याला निजामशाही फौजेने वेढा घातला, यावरून त्या बंदराचे महत्त्व ध्यानात येते. कोकणातून सह्याद्रीचा घाट चढून जुन्नर, आणि जुन्नरहून पूर्वेस पठारावर, असा पुढचा क्रम होता. जुन्नरजवळील नाणेघाटातील सातवाहनकालीन लेख या वाटेच्या प्राचीनत्वाची साक्ष देतात. नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या उत्खननात भूमध्यसागरी बनावटीच्या मद्यकुंभांचे तुकडे सापडले. म्हणजे दूरच्या समुद्राशी या प्रदेशाचा संबंध निजामशाहीपूर्वी निदान दीड हजार वर्षांचा होता.

या मार्गावरील पहिला प्रवास रशियातील त्वेर नगरचा व्यापारी अफनासी निकितिन याचा. तो निजामशाहीच्या स्थापनेपूर्वी सुमारे दोन दशके झाला. तथापि तो येथे प्रथम घेणे आवश्यक आहे, कारण मार्गाचे तपशील त्याच्या टिपणात टप्प्याटप्प्याने नोंदलेले आहेत. व्होल्गा नदीवरून निघालेल्या निकितिनाची आस्त्रखानजवळ लूट झाली. पुढे दरबंद, बाकू व इराण या मार्गाने तो होर्मुझला पोचला आणि एक घोडा घेऊन चौलला उतरला. चौल ते पाली आठ दिवस, पाली ते उमरी दहा दिवस आणि पुढे उमरी ते जुन्नर, असे अंतर तो दिवसांत देतो. मैलांपेक्षा दिवसांची ही मोजणी अभ्यासकाला अधिक उपयोगी आहे. तीत घाटाची चढण, ओझे आणि मुक्काम यांचा हिशेब आपोआप येतो.

घोडाच का, याचे उत्तर दख्खनच्या अर्थकारणात आहे. येथील हवामान उत्तम घोड्यांच्या पैदाशीस अनुकूल नव्हते, आणि सैन्याचे बळ तर घोडदळावर अवलंबून होते. त्यामुळे अरबस्तान व इराण येथील घोड्यांना मोठी किंमत येई. येथे घोडे निपजत नाहीत, त्यांना हरभरा व खिचडी चारतात, असे निकितिनाने नमूद केले आहे. जुन्नरला आणीपर्यंत त्याला घोड्यापायी शंभर रूबल खर्च आला. तेथेच पावसाळ्याने त्याला अडकवून ठेवले, आणि तेथेच जुन्नरचा अधिकारी असद खान याने तो घोडा हिरावून घेऊन धर्मांतराची अट घातली. एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने तो त्या संकटातून सुटला व बीदरकडे गेला. परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्क येथे पोचण्यापूर्वीच त्याचा अंत झाला. त्याचे टिपण मात्र रशियात पोचले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार करमझिन याच्यामुळे विद्वानांना ज्ञात झाले.

दुसरा प्रवास मुहम्मद कासिम फिरिश्ता याचा. कास्पियन समुद्राजवळील अस्तराबाद, म्हणजे आजचे गोरगान, हे त्याचे जन्मस्थान. त्याचे वडील गुलाम अली हिंदूशाह हे राजपुत्र मीरान हुसेन याला फारसी शिकविण्यासाठी अहमदनगरला आले व बालवयातील फिरिश्ता त्यांच्यासोबत आला. येथे प्रवासाचे कारण व्यापार नसून विद्या आहे. दख्खनच्या दरबारांत फारसी ही राजव्यवहाराची व विद्वत्तेची भाषा असल्याने ती उत्तम जाणणाऱ्यास मान व वेतन दोन्ही मिळे. परंतु हाच मान वैराचे कारणही ठरला. ‘गरीब’ म्हणजे परदेशी आणि ‘दखनी’ म्हणजे स्थानिक, असे दोन पक्ष दरबारात पडले होते. १५८८ मध्ये मीरान हुसेनने आपला पिता मुर्तजा याला ठार केले, तेव्हा मुर्तजाच्या चाकरीत असलेला फिरिश्ता सहाध्यायी म्हणून वाचला. पुढच्याच वर्षी मीरान हुसेनचाही वध झाला व नगरात परदेशीयांची कत्तल झाली. त्याच १५८९ साली फिरिश्ता विजापूरला गेला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने त्याने लिहिलेला इतिहास आज निजामशाहीच्या अभ्यासाचे एक मुख्य साधन आहे.

तिसरा प्रवास मलिक अंबर याचा, आणि तो इतर दोहोंपेक्षा मूलतः भिन्न आहे. सुमारे १५४८ मध्ये इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. अनेक हात बदलत तो बगदादला पोचला. तेथील मीर कासिम या धन्याने त्याला अंबर हे नाव दिले. पुढे दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगेज खान याने त्याला विकत घेतले. हा चंगेज खान स्वतःही हबशीच होता. धन्याच्या मृत्यूनंतर मुक्त झालेल्या अंबरने आपले सैन्य उभारले. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडल्यावर त्याने दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून १६२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत निजामशाही तगवून धरली.

या तिघांची तुलना करता एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. निकितिन स्वेच्छेने आला व त्याने स्वतः लिहिले. फिरिश्ता वडिलांच्या निर्णयाने आला व त्याने राज्यांचा इतिहास लिहिला. अंबर बळजबरीने आणला गेला; दोन खंडांना स्पर्श करणाऱ्या त्याच्या वाटचालीचे त्याच्या हातचे वर्णन उपलब्ध नाही. १६१७ मध्ये त्याला भेटलेला डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रूक आणि फारसी इतिहासकार यांच्या लेखनातूनच ती जुळवावी लागते. तेव्हा प्रवासवृत्तांतांनाच प्रवासाचा इतिहास मानल्यास लेखणी हाती असलेल्यांचाच इतिहास सिद्ध होईल, आणि ज्यांनी राज्य घडवले व राखले त्यांतील अनेकांची वाट अलिखितच राहील. विक्रीची नोंद, बदललेले नाव, धन्याचे घराणे ही साधनेही प्रवासवर्णनाइतक्याच काळजीने वाचली पाहिजेत.

कल्याणहून माळशेज घाट चढून ओतूरमार्गे अहिल्यानगरकडे जाणारा आजचा ६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग नाणेघाटाच्या जवळूनच सह्याद्री ओलांडतो. निकितिनाला ज्या चढणीस दिवस लागत, ती आता काही तासांची झाली आहे. पावसाळ्यात दरडी कोसळून घाट बंद पडतो, तेव्हा मात्र जुन्नरला खोळंबलेल्या त्या व्यापाऱ्याच्या नोंदीचा अर्थ अभ्यासकास अधिक नेमकेपणाने उमगतो.