गेम बनवणाऱ्या पोराची मजुरी कोण मोजतो?

दिवाळीत पिशोरला घरी होतो, कापसाची वेचणी चालू होती. बांधावर बसल्या बसल्या तेरा वर्षांच्या भाच्यानं विचारलं, “मामा, रोब्लॉक्सवर गेम बनवला की डॉलर मिळतात, खरंय का?”

खरंय. पण किती?

रोब्लॉक्सवरचे गेम खेळणारेच बनवतात, आणि त्यांत शाळकरी पोरंही असतात. बनवायचं साधन फुकट आहे. व्यवहार मात्र रोबक्स या तिथल्याच नाण्यात होतो. खरी गोम इथंच आहे. 2024 सालचे दर घ्या. मोबाइलवर 400 रोबक्स 4.99 डॉलरला, म्हणजे शंभराला साधारण सव्वा डॉलर. भाच्याच्या गेममध्ये कुणी 100 रोबक्सची तलवार घेतली, तर 30 कंपनीचे आणि 70 त्याचे. आता हे 70 डॉलरमध्ये बदलायला जा. तिथं दर वेगळा: एका रोबक्सला 0.0035 डॉलर. हाती साडेचोवीस सेंट! रुपयामागे वीस पैसे म्हणा ना. तेही 30,000 रोबक्स साठल्यावर. भाच्यानं लगेच भागाकार केला: 429 तलवारी. (2025 मध्ये दर 0.0038 झाला. फार फरक नाही.)

उरलेला सगळाच पैसा कंपनीचा नफा नसतो. अ‍ॅप स्टोअरचा वाटा, सर्व्हरचा खर्च आहेच. पण वेचणीला गेलेल्या माणसाला किलोचा भाव आधी कळतो आणि काटा समोर लागतो. इथं नाणंही कंपनीचं, काटाही कंपनीचा.

आता कायदा बघा. 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही. अपवाद दोनच. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्याला हातभार (त्यात धोक्याचं काम नको), आणि सिनेमा-मालिकांतले बालकलाकार. बालकलाकारासाठी नियम कडक आहेत: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, कमाईतले किमान 20 टक्के त्याच्या नावानं मुदत ठेवीत. गेम बनवणारं पोरगं या दोन्हींत बसत नाही. कुणी त्याला कामावर ठेवलेलं नाही, तो ‘खेळतोय’. कंपनी मात्र तेराव्या वर्षापासून पैसे काढू देते. आणि आपल्याकडे अल्पवयीनाचा करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलनं मोहरी बीबी खटल्यात 1903 सालीच सांगून ठेवलंय.

कंपनीची बाजू अशी, की पोरं शिकतात आणि बहुतेक जण कमवायला येतच नाहीत. पहिलं मला पटतं. कोडिंग शिकायला याहून सोपा रस्ता आमच्या गावात तरी मी पाहिलेला नाही. पण कमवायला येत नाहीत म्हणता, तर कमाईच्या गोष्टी सांगून बोलावता कशाला?

भाच्याला मी बनव म्हणालो. फक्त जाहिरातीवर त्यानं पदरचे रोबक्स घालायचे नाहीत, एवढं कबूल करून घेतलं. आणि अशा पोरांना बालकलाकाराचेच नियम लावावेत, तासांची मर्यादा आणि नावावरची ठेव दोन्ही, असं माझं मत होत चाललंय. तुमच्या घरात असं पोरगं असेल, तर आज त्याच्याजवळ बसून तलवारीचा हिशोब रुपयांत मांडा.