पदर चुरगळला तरी चालेल

"आई, चिऊला मागे तिच्या खुर्चीतच बसू दे. आणि तुम्ही बेल्ट लावा, त्याशिवाय मी गाडी सुरू करणार नाही." सूनबाई असं म्हणाली आणि माझा पाराच चढला.

जानेवारीतली गोष्ट. भाचीचं डोहाळजेवण उरकून आम्ही सोलापूरहून बार्शीला परतत होतो. गाडी सूनबाई चालवणार, शेजारी मी, मागे मुलगा आणि तीन वर्षांची चिऊ. पोरीला झोप आलेली, "आजीकडे, आजीकडे" म्हणून रडत होती. तिला मांडीवर घ्यायचं नाही म्हणजे काय? अहो, आमची मुलं मांडीवरच वाढली! शिवाय अंगावर नवी पैठणी, पट्ट्याने पदर चुरगळणार. "गाडीत एअरबॅग आहे ना, मग बेल्ट कशाला?" असंही म्हणून पाहिलं. ती काही ऐकेना. शेवटी लावला बाई पट्टा, आणि तोंड फुगवून बसले.

वैरागच्या अलीकडे अंधारात उसाची ट्रॉली उभी होती. मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. सूनबाईने करकचून ब्रेक दाबला, तरी गाडी आदळलीच. फटाका फुटावा तसा आवाज, तोंडावर जोरदार थप्पड, सगळीकडे पांढरी पूड आणि जळका वास. गाडीने पेट घेतला असंच वाटलं. मागून चिऊचं भोकाड ऐकू आलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला. मला खांद्यावर पट्ट्याचा निळा वळ आणि हाताला खरचटलेलं, एवढंच. बाकी सगळे धडधाकट.

नंतर गॅरेजवाल्या दादांनी सगळं समजावलं. आपण म्हणतो ना, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच... इथे ते अक्षरशः खरं आहे. धडक बसली की गाडीतले सेन्सर वेग किती झपाट्याने कमी झाला ते मोजतात. एक छोटा संगणक सेकंदाच्या काही हजाराव्या भागात निर्णय घेतो. आधी काम करतो तो बेल्ट. त्याच्या गुंडाळीत प्रीटेन्शनर असतो. त्यातली चिमूटभर दारू पेटते आणि ढिला पट्टा झटक्यात मागे खेचला जातो. आपण सीटला घट्ट चिकटतो. तेवढ्यात एअरबॅगमध्ये वायू भरतो. पिशवी ताशी ३००च्या आसपास वेगाने बाहेर येते आणि लगेच मागच्या भोकांतून वायू सोडत मऊ पडते. हे सगळं पापणी मिटून उघडायच्या आत! पांढरी पूड म्हणजे घडी चिकटू नये म्हणून वापरलेली पावडर.

म्हणजे बेल्ट नसता, तर ब्रेक लागतानाच मी पुढे सरकले असते आणि पिशवी फुगत असतानाच तिच्यावर आपटले असते. उशी होण्याऐवजी तोच ठोसा ठरला असता. एअरबॅग बेल्टला पूरक आहे, बेल्टच्या ऐवजी नाही.

आणि मांडीवर चिऊ असती तर? तो ठोसा आधी तिला बसला असता. हातांनी धरून ठेवलं असतं म्हणाल, तर हिशेब ऐका. ताशी ५० वेगातली गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १२ किलोचं मूल पावणेदोनशे किलोंच्या जोराने पुढे फेकलं जातं. कुठल्या आजीच्या हातात एवढं बळ आहे? त्या रात्री मला झोप लागली नाही.

मागे बसलेल्यांनीही बेल्ट लावायलाच हवा. सप्टेंबर २०२२मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. पुढे बसलेले दोघे वाचले. आपल्याकडे जानेवारी २०२२पासून नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीची आहे, पण बेल्ट लावायचं काम आपलंच.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं लक्षात ठेवा. पट्टा काखेखालून नको, खांद्यावरूनच घ्या. दिवस गेले असतील तर खालचा पट्टा पोटावर नाही, पोटाखाली मांड्यांच्या वर. गाडी चालवताना छाती आणि स्टिअरिंगमध्ये वीतभराहून जास्त, निदान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा. बाळाची मागे तोंड करून बसवायची खुर्ची एअरबॅग चालू असलेल्या सीटवर कधीच ठेवू नका. एअरबॅगचा दिवा गाडी सुरू केल्यावर विझला नाही, तर गॅरेज गाठा. आणि 'पीं पीं' बंद करायला ती खोटी क्लिप अडकवू नका.

परवा जाऊबाई गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, पदर चुरगळतोय." मी म्हटलं, "चुरगळू दे. इस्त्री करता येते." सूनबाई आरशातून बघून हसली. मीही हसले.