चिखलदरा: गारवा, मालिश आणि रानवाट

नेर-परसोपंतच्या माणसाला डोंगरातल्या विसाव्यासाठी महाबळेश्वर गाठायची गरज नाही. अमरावती, परतवाडा करत घाट चढला की चिखलदरा येते. गाविलगडच्या डोंगररांगेतले हे विदर्भाचे थंड हवेचे ठिकाण सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. उंची दर हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणून पायथ्याच्या सपाटीपेक्षा वर चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो. १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने ही जागा हेरली. इंग्रजांनी इथे कॉफीही लावली.

पण निव्वळ गारव्यासाठी मे महिन्यात जाणाऱ्याची थोडी निराशा होते. सागाची पाने तेव्हा गळालेली असतात आणि वाटेवर सावली उरत नाही. पावसाळ्यात धबधबे वाहतात, मात्र धुके दाटले की देवी पॉइंटवरून दरी दिसेलच असे नाही. चालण्यासाठी पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. सकाळी दव पडलेले असते, पायाखाली सागाचे रुंद पान चुरचुरते आणि चालताना दम लागत नाही. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने जिंकलेल्या गाविलगड किल्ल्यावरची भटकंती याच दिवसांत करावी. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये जंगलात सावकाश फिरण्याला ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान, असे नाव देऊन त्याचा प्रसार सुरू केला. घाई न करता चालावे, ऐकावे, थांबावे, एवढेच त्यात असते.

इथे एक गोष्ट विसरता कामा नये. हा मेळघाट आहे, १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्पात आलेला. वाघ, बिबट्या, अस्वल यांचे हे घर असल्याने मनाला येईल त्या वाटेने रानात शिरता येत नाही. राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीने आणि वाटाड्यासह जावे. हा वाटाड्या इथल्या कोरकू आदिवासींपैकी असेल तर झाडांची ओळखही होते.

फिरून आल्यावर तेलाची मालिश आणि वाफेचे स्नान यांचा खरा उपयोग. उष्णतेने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैल पडतात. त्याच वेळी रक्तदाब उतरतो आणि घामावाटे पाणी जाते, म्हणून वाफ थोडा वेळच घ्यावी आणि नंतर पाणी प्यावे. हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी आधी डॉक्टरांना विचारावे. मालिशही पोटभर जेवल्यावर लगेच घेऊ नये.

ज्यांना या सुखसोयींपेक्षा शांतता हवी, त्यांच्यासाठी सिपना नदीकाठचे कोलकासचे वन विश्रामगृह आहे.