सोप्या क्रियापदांचे अवघड इंग्रजी

इंग्रजीत उत्तम गुण मिळविलेला मराठी विद्यार्थी 'एक्स्टिंग्विश', 'पोस्टपोन' किंवा 'टॉलरेट' या शब्दांपाशी अडत नाही. परंतु त्याच गोष्टी कोणी 'पुट आउट', 'पुट ऑफ' आणि 'पुट अप विथ' अशा सांगितल्या की तो गोंधळतो. 'पुट' म्हणजे ठेवणे, एवढेच त्याला शिकविलेले असते. आग विझविणे, काम लांबणीवर टाकणे आणि त्रास सोसणे यांत 'ठेवणे' कोठून आले, हे त्याला उमगत नाही. कठीण शब्द सोपे आणि सोपे शब्द कठीण, अशी ही उलटी स्थिती आहे.

तिचे मूळ इतिहासात सापडते. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर दरबार व न्यायालय यांत फ्रेंच भाषेचे वर्चस्व झाले. धर्म आणि विद्या यांची भाषा लॅटिन होतीच. या दोहोंतून भारदस्त शब्द इंग्रजीत आले. शेतात, बाजारात आणि चुलीपाशी मात्र 'सेट', 'रन', 'गेट', 'टेक' अशी सॅक्सन व नॉर्स वंशाची आखूड क्रियापदेच राबत राहिली. पुढे एखादे अव्यय जोडून लोकांनी त्यांच्याकडून हवे ते काम करून घेतले. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतील सर्वांत लांबलचक नोंद एखाद्या पंडिती शब्दाची नाही. ती 'सेट' या चिमुकल्या क्रियापदाची आहे. आपल्याकडे इंग्रजी भाषा आली ती कचेरी, न्यायालय आणि पाठ्यपुस्तक यांच्या वाटेने. त्यामुळे वाड्याची सदर आपल्या ओळखीची झाली. माजघर अनोळखीच राहिले.

या माजघराच्याही मागे बोलभाषेतील सांकेतिक अर्थांची एक गल्ली आहे. 'पिंच' म्हणजे चिमटा काढणे. परंतु बोलीत चोर वस्तू 'पिंच' करतो आणि पोलीस त्या चोरालाच 'पिंच' करतो. 'डिग' म्हणजे खणणे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय जॅझ वादकांनी त्याला 'मर्म कळणे' असा अर्थ दिला आणि कॅब कॅलोवे या गायकाने १९३८ मध्ये काढलेल्या छोटेखानी कोशात तो नोंदविला गेला. 'किक द बकेट' म्हणजे मरणे, हा अर्थ फ्रान्सिस ग्रोसच्या १७८५ च्या कोशातही आढळतो.

हे केवळ शब्दांचे कौतुक नव्हे. 'वुई हॅव टु लेट यू गो' असे वरिष्ठाने म्हटले, तर ती घरी जाण्याची सवलत नसते; नोकरी गेलेली असते. 'यू हॅव बीन टेकन इन' याचा अर्थ आपणांस आत घेतले असा नसून आपली फसवणूक झाली असाही होतो. परदेशी शिकावयास गेलेला विद्यार्थी किंवा दूरध्वनीवरून परकीय ग्राहकांशी बोलणारा कर्मचारी अशा ठिकाणी अडखळला, की त्याच्या बुद्धीविषयीच शंका घेतली जाते. तोही स्वतःला कमी लेखू लागतो. वस्तुतः उणीव त्याच्या बुद्धीत नसते; ती शिकविण्याच्या पद्धतीत असते.

कारण या कोड्याची किल्ली मराठी माणसाच्या खिशातच आहे. आपण मार खातो, हवा खातो, भाव खातो; कोणी पैसे खातो, तर कोणी डोके. गप्पा मारतो, थापा मारतो, चक्कर मारतो आणि शाळेला दांडीही मारतो. यांपैकी एकाही ठिकाणी जेवण नाही की मारहाण नाही, पहिला अपवाद सोडल्यास. 'खाणे' या शब्दाचे हे अर्थ कोणी तक्ता करून पाठ केलेले नाहीत. वाक्य आणि प्रसंग यांसह ते कानावर पडत गेले. शिक्षकाने 'पुट' शिकविताना आधी 'मारणे' या क्रियापदाची आठवण करून दिली, तर अर्धी भीती तेथेच ओसरेल.

अशुद्ध बोली वर्गात आणावी काय, असा आक्षेप घेतला जाईल. जोनाथन स्विफ्टसारख्या थोर लेखकाने १७१० मध्ये 'मॉब' आणि 'बँटर' या तत्कालीन नव्या शब्दांवर झोड उठविली होती. आज ते दोन्ही शब्द प्रतिष्ठित लेखनात निर्धास्तपणे वावरतात. तथापि सर्वच शब्द असे टिकत नाहीत, हेही खरे. म्हणून येथे तारतम्य हवे. 'पुट ऑफ', 'टेक इन' यांसारखे प्रयोग समजलेही पाहिजेत आणि वापरताही आले पाहिजेत. गल्लीतील अर्थ मात्र ओळखता आले म्हणजे पुरे. ते वापरण्याची घाई नको. परक्याने नव्याने शिकलेल्या मराठीत 'कल्टी मारली' असे म्हटल्यास जे हसू येईल, तेच आपल्याही वाट्याला येईल. अर्जात आणि कार्यालयीन पत्रात तर त्यांना मज्जावच असावा.

प्रश्नपत्रिकेत अवघड शब्दांचे अर्थ विचारण्याऐवजी एकाच सोप्या क्रियापदाची पाच वाक्ये देऊन त्यांचे मराठी विचारले, तर विद्यार्थ्याचे इंग्रजी किती खोल गेले आहे, हे अधिक खात्रीने कळेल. त्यासाठी नवा निधी नको, की नवे यंत्र नको. लहान शब्दांना लहान न समजणारा शिक्षक तेवढा हवा.