फुस्तानेला : ग्रीकांचा घेरदार पुरुषवेष आणि आपले शब्द

परदेशीय जीवनाचे वर्णन मराठीत करणाऱ्या लेखकाला, आणि ते वर्गात समजावून देणाऱ्या अध्यापकाला, जे शब्द फार अडवतात त्यांत वेषवाचक शब्दांचा क्रम बराच वर लागेल. खाद्यपदार्थाचे नाव जसेच्या तसे ठेवले तरी निभावते. वेषाचे तसे होत नाही. ते वस्त्र कोणी ल्यावे, कोणी लेऊ नये, या आपल्या समजुतीही शब्दाबरोबर वाक्यात शिरतात. अथेन्समधील मानाच्या पहारेकऱ्यांना ‘घागरे घातलेले शिपाई’ म्हटले की वर्गात हशा पिकतो, आणि ज्यांच्या स्मारकापाशी ते उभे असतात त्या मृत सैनिकांचा विसर पडतो. हा हशा त्या वेषाने उत्पन्न केलेला नसून आपल्या शब्दाने उत्पन्न केलेला असतो. म्हणून प्रथम त्या वेषाचीच हकीकत सांगणे आम्हांस इष्ट वाटते.

अथेन्सच्या सिंटाग्मा चौकात, संसदभवनापुढे, अनामिक सैनिकाचे स्मारक आहे. त्याचे अनावरण २५ मार्च १९३२ रोजी झाले. तेथे अहोरात्र पहारा देणाऱ्या पथकाची स्थापना १८६८ सालची असून त्यातील शिपायांना ‘एव्झोन’ म्हणतात. दर रविवारी सकाळी अकरा वाजता होणाऱ्या पहाराबदलाच्या वेळी ते पूर्ण समारंभवेषात येतात. रुंद बाह्यांचा पांढरा सदरा, त्यावर कशिदा काढलेली बंडी, डोक्यावर लांब काळ्या गोंड्याची तांबडी टोपी, पायांत पांढरे लोकरी मोजे आणि खिळे ठोकलेले जोडे. या जोड्यांना ‘त्सारूखिया’ म्हणतात. जोडीचे वजन तीन किलोहून अधिक भरते. या वेषाचा मुख्य भाग म्हणजे कंबरेपासून गुडघ्यांच्या वरपर्यंत येणारा, दाट चुण्यांचा पांढराशुभ्र घेर. हाच ‘फुस्तानेला’. त्याला सुमारे ३० मीटर कापड लागते आणि चुण्या ४०० असतात. तुर्की अंमलाची चारशे वर्षे या चुण्यांतून दाखविली आहेत, अशी तेथील परंपरा सांगते. कॉन्स्टँटिनोपल पडले १४५३ साली आणि स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले १८२१ साली. मधली वर्षे भरतात ३६८. तेव्हा हा आकडा इतिहासाच्या हिशेबाचा नसून लोकस्मृतीचा आहे, हे उघड होय.

फुस्तानेला मूळचा राजवाड्यातला नव्हे. डोंगराळ मुलखातील लढवय्यांचा तो रोजचा पोशाख होता, आणि एकट्या ग्रीकांचाही नव्हता. अल्बानियन लोकांत तो तितकाच रूढ होता. कवी बायरन १८०९ साली एपिरस आणि अल्बानिया या भागांत गेला, तेव्हा तेथील पुरुषांच्या या वेषाने तो इतका मोहित झाला, की आईला लिहिलेल्या पत्रात त्याने त्याचे वर्णन केले आणि स्वतःसाठीही तसे पोशाख विकत घेतले. पुढे १८२१ च्या युद्धातील अनेक सेनानी याच वेषात लढले, आणि त्यामुळे स्वातंत्र्याची स्मृती त्याला कायमची चिकटली.

या स्मृतीचे मोल राजसत्तेलाही ओळखावे लागले. स्वतंत्र ग्रीसचा पहिला राजा म्हणून युरोपातील राष्ट्रांनी बव्हेरियाचा राजपुत्र ओटो याची निवड केली. १८३३ साली तो ग्रीसमध्ये उतरला तेव्हा त्याचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. त्याच्याबरोबर बव्हेरियन अधिकारी आले, तसा बव्हेरियन धर्तीचा तंग विजारीचा लष्करी गणवेशही आला. युद्धातून तावून निघालेल्या जुन्या लढवय्यांना तो रुचला नाही. परक्या राजाला प्रजेचा विश्वास हवा होता. त्याने स्वतःच फुस्तानेला स्वीकारला आणि तो दरबाराचा वेष केला. १८६२ साली तो पदच्युत झाला. तरीही बांबेर्ग येथे, जर्मन भूमीवर, १८६७ साली मृत्यू येईपर्यंत तो हा ग्रीक वेष वापरीत राहिला. राज्य गेले, वेष राहिला. पुढे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिक सामन्यांत, १८९६ च्या पहिल्या मॅरेथॉन शर्यतीचा विजेता स्पिरिडॉन लुईस पाहुणा म्हणून आला, तोही राष्ट्रीय वेष परिधान करूनच.

फुस्तानेल्याची वंशावळ थेट प्राचीन ग्रीकांच्या ‘खितोन’ या वस्त्रापर्यंत नेण्याचा मोह अनेकांना होतो. दोहोंच्या रचनेत मात्र मोठा भेद आहे. फुस्तानेला हे शिंप्याचे काम. वर अरुंद आणि खाली रुंद अशा कळ्या एकमेकींना जोडून तो घेर साधतात. खितोन हे मुख्यतः मागावरून उतरलेले आयताकृती वस्त्र. ते अंगाभोवती घेऊन खांद्यांवर अडकवीत आणि कंबरेला पट्ट्याने आवळीत. शिपाई, कारागीर, गुलाम गुडघ्यांपर्यंतचा आखूड खितोन घालीत. पुजारी, वादक, सारथी यांचा खितोन पायघोळ असे. डेल्फी येथे १८९६ साली सापडलेला सारथ्याचा ब्राँझचा पुतळा पाहावा. इसवी सनापूर्वी ४७० च्या सुमाराचे हे काम आहे. शर्यतीतील विजयाचे स्मारक म्हणून उभारलेल्या या तरुणाच्या अंगावर घोट्यांपर्यंत पोचणारा चुणीदार खितोन आहे. पट्टा कंबरेच्या बराच वर बांधला आहे आणि खांद्यांवरून एक बंद घेतला आहे. भरधाव रथात वस्त्र वाऱ्याने फुगू नये, हा त्यातील हेतू. त्या काळी ग्रीकांना चमत्कारिक वाटे ती विजार. इराणी लोक विजारी घालून लढतात, त्यांना जिंकणे सोपे आहे, असा युक्तिवाद मिलेटसच्या आरिस्टागोरसने स्पार्टाच्या राजापुढे केल्याचे हिरोडोटस सांगतो.

तथापि, ग्रीकांच्या मनात वेषाविषयी स्त्रीपुरुषभेद नव्हताच, असे म्हणणे चुकीचे ठरेल. त्याच हिरोडोटसने दुसरी एक कथा दिली आहे. लिडियन लोकांनी बंड केले तेव्हा पदच्युत राजा क्रीससने सायरसला सल्ला दिला, की त्यांची शस्त्रे काढून घ्या, अंगरख्याखाली खितोन घालण्याची सक्ती करा आणि त्यांच्या मुलांना वीणावादन शिकवा. म्हणजे ते लवकरच पुरुषांचे स्त्रिया होतील. डेल्फीच्या सारथ्याला जे वस्त्र विजयाचे भूषण, तेच येथे दुर्बलतेचे चिन्ह झाले. वस्त्र एकच, भेद पडला तो ते कोणत्या प्रसंगी, कोणाच्या इच्छेने अंगावर आले यामुळे. लिडियनांवर ते लादायचे होते. फुस्तानेला ग्रीकांनी आपण होऊन राखला.

‘एव्झोन’ हा शब्दही हेच शिकवितो. त्याचा अर्थ ‘चांगला कंबरपट्टा असलेला’. होमरच्या ‘इलियड’मध्ये हे विशेषण स्त्रियांना लावलेले आहे. हिरोडोटस आणि थ्यूसिडिडीज यांच्या काळापर्यंत ते वस्त्र आवरून झपाझप चालणाऱ्या, चपळ पुरुषाचे विशेषण झाले. आणि एकोणिसाव्या शतकात तेच डोंगरी पायदळाचे नाव ठरले. कंबर कसणे या आपल्या वाक्प्रचाराची येथे सहज आठवण व्हावी.

आता आपल्या भाषेकडे वळू. मराठीत ‘घागरा’ आणि ‘परकर’ हे शब्द सर्वस्वी स्त्रीवेषाचे आहेत. ते एव्झोनाच्या माथी मारले की अर्थ बिघडणारच. पण आपल्या शब्दसंग्रहात इतरही शब्द आहेत. ‘निऱ्या’ लुगड्याच्या असतात तशा धोतराच्याही असतात, आणि कोणी त्यात गोंधळ करीत नाही. पेशवाईतील चित्रांत घोळदार जामे ल्यालेले पुरुष दिसतात. पहाटे दारी येणाऱ्या वासुदेवाचा अंगरखा पायघोळ असतो आणि गोंधळ्याचा झगाही घोळदार असतो. फार कशाला, पदवीदान समारंभात आपण अध्यापकमंडळींनीही लांब झगे घातलेले आहेत, आणि त्या वेळी सभागृहात हशा पिकल्याचे ऐकिवात नाही. समारंभाचा वेष असा नित्याच्या वेषाहून निराळाच असतो, हे आपण स्वतःपुरते जाणतो. दुसऱ्याच्या बाबतीत ते विसरतो.

म्हणून आमची सूचना अशी. ‘फुस्तानेला’ हे नाव मराठीत तसेच ठेवावे आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘चुणीदार पांढरा घेर’ एवढे स्पष्टीकरण जोडावे. आखूड खितोनाला ‘गुडघ्यांपर्यंतचा अंगरखा’ आणि लांब खितोनाला ‘पायघोळ झगा’ म्हटल्यास वाचकाला वस्त्र दिसेल. अध्यापकांनी धडा वाचण्यापूर्वी १८२१ चे युद्ध आणि चारशे चुण्यांची परंपरा ही दोन वाक्यांत सांगावी. एवढे केले की विद्यार्थी त्या शिपायाकडे त्याचे देशबांधव ज्या दृष्टीने पाहतात त्या दृष्टीने पाहू लागेल. आणि परभाषेतील मजकूर वाचून अखेर साधायचे असते ते हेच.